शिरूरचा सामना आणि कानातली यंत्रं

माझा सूर खाली येतो, हे मला पहिल्यांदा सांगितलं तळेगाव ढमढेऱ्याच्या बायकांनी, आणि तेही तोंडाला पदर लावून हसत. हिवाळ्यातला कार्यक्रम होता. पलीकडच्या आळीत कुणाच्या तरी हळदीचा डीजे लागलेला, इकडे स्टेजच्या दोन्ही अंगांना आमचेच बेसचे डबे घुमत होते, आणि मध्ये मी गात होते. अंतऱ्यात पेटी एकीकडे आणि मी दुसरीकडे, असं झालं. मला ते कळलं हसण्यावरून. गाणाऱ्या बाईला स्वतःचा सूर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून कळावा, यासारखी शरम नाही. पुढचं गाणं मी कसं संपवलं ते मला आठवत नाही.

परतीच्या टेम्पोत मोठे दीर आमच्या ह्यांना म्हणाले, "हिला सांग, चौदा एप्रिलच्या जयंतीला शिरूरला सामना हाय. तिथं जर सूर पडला, तर पुढच्या सालापास्नं ती पोरगी पुढं बसंल."

मी ह्यांच्या शेजारीच बसले होते. पण आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नसे. जे सांगायचं ते तिच्या देखत नवऱ्याला सांगायचं आणि नवऱ्याने मान डोलवायची. ह्यांनी डोलवली. ती पोरगी म्हणजे आमच्या कोरसमधली, थोरल्या जाऊबाईंच्या बहिणीची लेक. आवाजाने चांगली होती, स्वभावानेही. तिच्याविरुद्ध मला तेव्हाही काही म्हणायचं नव्हतं.

गायन पार्टी दिरांची. ढोलकी ते वाजवायचे, आमचे हे साऊंडच्या मिक्सरवर, आणि मी पुढे. लग्न होऊन दौंडला आल्यापासून घरात मला कुणी काही विचारलं नाही, आज भाजी कसली करायची हेसुद्धा नाही. पण विहारासमोरच्या मांडवात मी त्या पुढच्या जागेवर बसले की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. दीरसुद्धा बघायचे, कारण मी गाणं उचलल्याशिवाय त्यांना ठेका धरता यायचा नाही. ती जागा गेली असती तर माझ्यापाशी शिलाईचं मशीन उरलं असतं आणि दोन वेळचा स्वयंपाक. मी घाबरले होते, हे सरळ सांगते.

लोक पेटीवरून सूर धरतात, मी धुमेवरून धरते. ढोलकीची उजवी बाजू टणटण बोलते आणि डावी घुमते. त्या डाव्या बाजूला धुम म्हणतात. माहेरी, कवठे येमाईला, माझे वडील ढोलकी वाजवायचे आणि मी त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसायची. तेव्हापासून गाणं मला आधी पोटात लागतं, मग कानात. बेस आवडणं ही माझी खोडच म्हणा. रस्त्याने बेस वाजवत जाणाऱ्या गाडीला सगळे शिव्या घालायचे, मी दारात येऊन उभी राहायची. पण स्टेजवर डबे आल्यापासून तो बेस माझ्या उपयोगाचा राहिला नव्हता. कीबोर्डचा बेस, ऑक्टोपॅडचा बेस, शेजारच्या डीजेचा बेस, सगळ्यांचा मिळून एक गोळा व्हायचा आणि त्यात दिरांची धुम कुठे बुडाली ते सापडायचं नाही. छाती हादरायची आणि सूर धरायला मात्र काही नसायचं.

माझा धाकटा भाऊ दुबईला एका हॉटेलात लाईट-साऊंडच्या कामाला होता. फोनवर मी त्याच्यापुढे रडले. उन्हाळ्याच्या तोंडाला तो सुट्टीवर आला, तेव्हा तीन लहान डब्या घेऊन आला. मोठे गायक स्टेजवर कानात घालतात ती यंत्रं, वायरची. इन-इअर मॉनिटर, तो म्हणाला. मिक्सरमधून वायर थेट कानात येते, बाहेरचा गोंगाट बाहेर राहतो.

"तिन्ही भारीतली हायेत, ताई. एक तुझं. बाकीची दोन मला माघारी न्यायचीत. किंमत इचारू नको."

मी विचारली नाही. घरात सगळे त्यांना 'कानातली' म्हणायला लागले, जणू सोनाराकडून झुमके आणलेत.

रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत पारख करायची ठरली. मिक्सर लावला, माझा माईक, ढोलकीचे माईक, कीबोर्ड. दिरांना बसवायला ह्यांना बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या. "कानात बोळं घालून कुणी गातंय व्हय?" असं त्यांचं म्हणणं. आले, पण भिंतीकडे बघत वाजवायला बसले. ती खोली मला त्या दिवशी परीक्षेच्या हॉलसारखी वाटत होती. यातली एकही जोडी कामाची निघाली नसती तर मग उपाय उरला नव्हता, आणि दिरांना ते माझ्याइतकंच माहीत होतं.

पहिली जोडी सगळ्यांना आवडली. आमचे हे तर उडालेच. "आयला, काय बेस हाय!" शेजारपाजारचे येऊन एकेक करून कानात घालून गेले आणि माना हलवून गेले. मी घातली, गायले, आणि माझा धीर खचला. बेस होता, दांडगा होता, पण प्रत्येक थाप उन्हात घातलेली गादी बडवावी तशी. कुठे सुरू झाली, कुठे संपली, पत्ता नाही. दिरांच्या धुमेला एक वळण आहे. मनगट दाबून ते आवाज खालून वर ओढतात, आणि त्या ओढीच्या टोकाला माझा सूर असतो. या जोडीत ते टोकच नव्हतं.

"बेस लई हाय, पर धुम न्हाई," मी म्हणाले.

दिरांनी तेवढ्यापुरती भिंतीवरची नजर काढली.

दुसऱ्या जोडीत सगळं स्वच्छ. पेटीचा भाता ऐकू आला, कोरसमधल्या कुणाचा श्वास ऐकू आला. धुम मात्र शेजारच्या घरात कुणी खिळा ठोकावा तशी लांबून. भाऊ म्हणाला, जाणकार लोक हेच पसंत करतात. मी म्हटलं, जाणकारांना करू दे, त्यांना शिरूरला गायचं नाही.

तिसरं घातलं तर त्यात बेस नावालाही नव्हता. नुसती चिरचिर. मी काढून डबीत ठेवायला लागले. आता काही शिल्लक नव्हतं. भावाने माझा हात धरला आणि माझ्या कानाची पाळी ओढून आत बघितलं, लहानपणी आई बघायची तसं.

"ताई, रबर ढिलं बसतंय तुला. जरा जरी फट राहिली तरी बेस सगळा गळून जातो."

त्याने रबर काढून त्या जागी मऊ स्पंजाचे तुकडे चढवले. ते बोटात दाबून बारीक करायचे, कानात सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. स्पंज कानात फुगला तसं घर लांब लांब गेलं. जाऊबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग दिरांनी धुम मारली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज खालून निघाला, वर चढला, टोकाला थांबला, आणि कीबोर्डचा बेस त्याच्या खाली वेगळा, आपल्या जागेवर. दोघांची भांडणं नाहीत. मी डोळे मिटून गायले आणि सूर हलला नाही. आमचं घर रेल्वे लाइनीला लागून. मध्येच एक मालगाडी गेली. एरवी ती गेली की मांडणीवरची भांडी वाजतात आणि बोलणं थांबवावं लागतं. मला फक्त पायाखालची फरशी हादरल्याचं कळलं. गाणं संपल्यावर मी ते सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, आणि भाऊ म्हणाला, "हेच तर पाहिजे की!"

हेच घ्यायचं ठरलं. एक अडचण होती. कान असे बंद केले की स्वतःचाच आवाज डोक्यात हंड्यात बोलल्यासारखा घुमतो आणि आपण फार मोठ्याने गातोय असं वाटून बाई दबकून गाते. ते मी सरावाने मोडलं. वायर पाठीवरून जावी म्हणून ब्लाउजला मागे आतून एक बंद शिवला, वर अंबाडा. मान कितीही फिरवली तरी काही हलेना. भाऊ बाकीची दोन घेऊन दुबईला परत गेला. मी त्या स्पंजाच्या तुकड्यांना जिवापाड जपत होते.

सामना म्हणजे काय ते सांगायला हवं. दोन पार्ट्या, समोरासमोर दोन स्टेज, मध्ये माणसं. आधी दोघांचं वंदन होतं. मग एक पार्टी गाण्यातून सवाल टाकते आणि दुसरीने तो तिथल्या तिथे गाण्यातूनच सोडवायचा. सवाल टाकला की समोरचा ढोलकीवाला हात उचलतो. ती शांतता आपली. त्यातच आपण उचलायचं. जो सवाल पुन्हा विचारायला लावतो त्याचा निम्मा सामना तिथेच गेला असं लोक धरतात.

शिरूरला समोर होते एक म्हातारे शाहीर. सगळे त्यांना आबा म्हणायचे. अंगाने काटकुळे, निळा फेटा, आणि आवाज असा की माईक लांब ठेवावा लागे. त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळलेली मी पाहिली होती. ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. आमचं वंदन आधी. मी कानातली घातली, स्पंज फुगेपर्यंत धरली, आणि शिरूर लांब गेलं.

त्या संध्याकाळी पहिलं गाणं मी जसं गायले तसं त्याआधी बरीच वर्षं गायले नव्हते. मागच्या रस्त्यावरून एक मिरवणूक डीजे लावून चालली होती, पोरांची डोकी हलताना दिसत होती, आणि माझ्या कानात फक्त धुम, पेटी आणि मी. सूर असा उभा, की त्यावर हात टेकवावा. गाणं संपलं तेव्हा दिरांनी मान डोलवली. ह्यांच्याकडे बघून डोलवली, पण ती माझ्यासाठी होती. जागा वाचली, असं मला वाटलं.

मग आबा उभे राहिले. मी पाणी प्यायले, पदर सारखा केला. ते गात होते, हात फिरवत होते, माझ्याकडे बोट करत होते. मला लांबून काहीतरी दबदब येत होतं. म्हटलं, वंदन चाललंय.

घरी आम्ही सगळं तपासलं होतं. बेस तपासला, वायर तपासली, अंबाडासुद्धा तपासला. समोरची पार्टी तपासायची राहिली, कारण ती घरात नव्हती. आबांचा मिक्सर वेगळा, डबे वेगळे. जे आमच्या मिक्सरमधून जात नव्हतं ते माझ्या कानात येणार कुठून? एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या एकालाही सुचली नाही, दुबईहून आलेल्यालासुद्धा नाही.

समोरच्या ढोलकीवाल्याने हात उचलला. सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी हसले. माणसं हसली नाहीत. ती नुसती बघत राहिली आणि ते बघणं संपेना. मिक्सरपाशी हे तोंड वेडंवाकडं करून काहीतरी सांगत होते. मला वाटलं, सुरू कर म्हणतायत. मी आमचं ठरलेलं पुढचं गाणं उचललं. पहिल्या ओळीतच लोकांचे हात हवेत गेले, मागची पोरं उठून उभी राहिली, पुढची एक म्हातारी कपाळाला हात लावून बसली. दीर ढोलकी सोडून ह्यांच्याकडे बघून ओरडत होते. एवढ्या घोळातसुद्धा माझ्याकडे बघून ओरडले नाहीत. शेवटी कोरसमधल्या त्याच पोरीने पुढे वाकून माझी वायर ओढली. डाव्या कानातून स्पंज निघाला आणि सगळं शिरूर एकदम आत शिरलं.

"मावशी, सवाल टाकला त्यांनी! सवाल!"

मी दुसरंही काढलं. दोन्ही हातात घेऊन उभी राहिले. आबा माईक धरून माझ्याकडेच बघत होते.

"बाई, कानात काय घातलं हुतं?"

"गाणं ऐकायचं यंत्र हाय, आबा."

"कुणाचं गाणं?"

खोटं बोलायला वेळ नव्हता. "माझंच."

"आन् आमचं ऐकू येतं का त्यात?"

"न्हाई."

"मंग सामना कुणासंगं करताय?"

लोक खदखदून हसले. तळेगावच्या हसण्यापेक्षा हे मोठं होतं. मला राग आला, त्यांचा नाही, कारण ते खरं बोलले होते. राग आला त्या हसण्याचा, आणि ते थांबायची वाट बघत उभं राहावं लागलं त्याचा. मी माईक तोंडाशी धरला.

"आबा, मी हरले न्हाई. मी ऐकलं न्हाई. सवाल परत टाका."

त्यांना नाही म्हणता आलं असतं. लोकांनी त्यांनाच उचलून धरलं असतं. पण त्यांनी आपल्या ढोलकीवाल्याला खूण करून बसवलं आणि नुसत्या आवाजात सवाल पुन्हा म्हटला, सावकाश, लेकीला समजावून सांगावं तसा:

"एकानं दिवा लावला घरात, उजेड पडला गावोगाव, सांगा बाई, त्या दिव्यातल्या तेलवालीचं नाव."

तो सवाल बाईसाठीच बांधलेला होता. त्यांनी तो माझ्यासाठी आणला होता, आणि मी पदर सारखा करत बसले होते. उत्तर माझ्या तोंडाशी आलं. ते शोधावं लागलं नाही. आमच्या प्रत्येक घरात ते भिंतीवर असतं, दिवा लावणाऱ्याच्या फोटोशेजारी. शोधायचा होता तो सूर.

मी उचलायच्या आत दिरांनी ढोलकी सुरू केली. चिडून, दाबून, जणू झालेली फजिती ठेक्याखाली गाडायची होती. आमचे डबे घुमले, रस्त्यावरचा डीजे वळून परत आलेला, त्याचा बेस त्यात मिसळला. मी पहिला शब्द काढला आणि तो खाली गेला. या वेळी मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. मी स्वतः ऐकला तो जाताना. दुसरा शब्द आणखी खाली. पुढच्या बायकांचे पदर तोंडाकडे निघाले.

मी मागे वळले आणि दिरांच्या तोंडासमोर हाताचा पंजा धरला.

त्यांचा हात हवेतच राहिला. आमच्या पार्टीत त्यांची ढोलकी आजवर कुणी थांबवली नव्हती. ती त्यांनी थांबवली की थांबायची. पेटीवाला थांबला, कोरस थांबला. ह्यांनी घाबरून सगळीच बटनं खाली ओढली. मी माईक बाजूला ठेवला आणि तशीच गायले, कशाच्याही आधाराशिवाय:

"जिनं स्वतःच्या डोक्याला तेल लावलं न्हाई, आबा, तिचं तेल त्या दिव्यात जळलं. नाव काय इचारता? तुमच्या-माझ्या आईला इचारा."

सूर उभा राहिला. रस्त्यावरचा डीजे गेला नव्हता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. कपाळाला हात लावून बसलेली म्हातारी डोळे पुसत होती. आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणा, बाई, पुढं म्हणा!" मी पुढे म्हटलं. पुढचे सवाल मी कानातली न घालताच सोडवले, आणि लोकांनी तो सामना बरोबरीत सोडवला. आबांच्या समोर बरोबरी म्हणजे आमच्या पार्टीला दिवाळीच होती. उरलेला सगळा वेळ दिरांनी ढोलकी बोटांनीच वाजवली, एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला आमच्या खोलीत आले. ह्यांच्यासमोर बसले. मी स्टोव्हपाशी होते.

"हिला सांग, सूर चांगला हुता."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

"पर पुढच्या सालापास्नं पोरगी बसंल."

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी मान डोलवायच्या आधी विचारलं, "का, दादा? सूर पडला न्हाई की."

"सुराचं न्हाई म्हनत मी. चार मानसांत माझ्यापुढं हात केला. पार्टी कुणाची हाय?"

ह्यांनी मग मान डोलवली. मी चहा गाळला आणि दोघांच्या पुढे ठेवला. राग एवढा होता की माझ्यासाठी मी ओतलाच नाही.

भावाचा दुबईहून फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो हळहळला. "अगं ताई, सवाल ऐकलास ना, मग कानातली परत घालायची हुतीस. दाजींना नुसती खूण केली असतीस, तर त्यांनी तुझ्या कानापुरती ढोलकी कमी केली असती. भाईर वाजत राहिली असती. तुझा सूर बी राहिला असता आन् कुणाला कळलं बी नसतं. जागा ऱ्हायली असती तुझी."

"ते मला तिथंच सुचलं हुतं," मी म्हणाले.

"मंग?"

"कानातली हातातच हुती माझ्या. पर मला ढोलकी कमी नको हुती. थांबायला पाहिजे हुती. आन् ती थांबली."